डबल बेल

पौषातली सकाळ. गाडीतळावरून पहिली फेरी.
अख्खी बस कानटोप्यांत गुंडाळलेली
आणि मी खिडकी उघडून उभी.
"ओ बाई, लावा की ती काच!"
लावली. रामटेकडीला परत उघडली.
पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या तोंडातून वाफ,
माझ्या पाठीवरून घामाची धार.

दिवाळीपासूनचं हे.
खाकी सलवारीची नाडी दोन बोटं आत आवळली, मग चार.
डेपोतल्या बाया म्हणाल्या, "भिलारे, जिम लावली काय?
आम्हालाही सांग की तुझं डाएट."
डाएट म्हणजे सकाळी तीन भाकरी,
फेरी संपली की वडापाव,
आणि रात्री दोनला उठून शिळा भात,
पातेल्यात चमचा वाजू नये म्हणून बोटांनी.
एवढं खाऊन नऊ किलो उतरले.
कुठे गेले, हिशेब लागला नाही,
आणि हिशेब न लागणं माझ्या स्वभावात नाही.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या.
भावजय म्हणाली, चाळिशी उलटली की होतंच.
नवरा म्हणाला, हल्ली तू अंगावर येतेस.
खरं होतं ते.
बरणीचं झाकण तिरकं लागलं म्हणून ओरडले त्याच्यावर,
मग मोरीत बसून रडले.
कशासाठी, विचारू नका.

छातीत कुणीतरी डबल बेल मारत होतं.
डबल बेल, डबल बेल,
चला, चला, सुटा,
आणि मी पलंगावर आडवी, पंखा पाचवर.
सिंगल बेल मारून थांबवावं
तर हाताला दोरी लागत नव्हती.

मग वैदुवाडीला, एका मुलीला सुट्टे देताना
नाणी सांडली.
"मॅडम, तुमचा हात कापतोय."
मी म्हटलं, गाडी हलतेय ना.
तिनं बाहेर पाहिलं.
गाडी सिग्नलला उभी होती.

तुपे ड्रायव्हर. अकरा वर्षं मला आरशातून बघत आलेला माणूस.
स्वारगेटला इंजिन बंद करून म्हणाला,
"बाई, तुमचे डोळे असे नव्हते.
हल्ली आरशात पांढरं जास्त दिसतं.
दाखवून घ्या."

भवानी पेठेत डॉक्टर बागवान.
सतरा पायऱ्या चढून गेले
आणि खुर्चीत नुसती धापत राहिले.
त्यांनी नाडी धरली, घड्याळ पाहिलं,
पुन्हा पहिल्यापासून मोजली.
पाणी दिलं. "गिळा."
मागून गळ्यावर त्यांची गार बोटं.
घोटाबरोबर काहीतरी वर सरकलं,
ते त्यांना कळलं, मला नाही.
"आता हात पुढे करा, बोटं पसरा."
त्या टेबलावर पातळ कागद शोधत होत्या.
मी म्हटलं, माझ्या बॅगेत आहे.
माझ्याच बोटांवर ठेवलेलं माझंच तिकीट
फडफडायला लागलं.
खिडकी बंद होती. पंखाही.

"थायरॉईड जास्त काम करत असावं," त्या म्हणाल्या.
"असावं. अजून नाव लिहीत नाही. रक्त तपासू, मग बोलू.
तोवर कुणाच्या घरातल्या गोळ्या घेऊ नका.
धडधड थांबेना, चक्कर आली, श्वास पुरेना,
तर रिपोर्टची वाट बघायची नाही. सरळ ससून."

असावं.
किती महिन्यांनी कुणीतरी 'असावं' म्हणालं.
बाकी सगळ्यांना नक्की माहीत होतं.

रिपोर्ट उद्या संध्याकाळी.
आज शेवटची फेरी, पुलगेट,
तुपेनं मान न वळवता विचारलं, "काय म्हणाल्या?"
"उद्या कळेल."
त्यानं पुढे काही विचारलं नाही.
मी दोरी ओढली. एकदाच.
तो थांबला, आरशात पाहिलं.
मागून कुणीतरी ओरडलं, "चला ओ!"
मग दुसऱ्यांदा ओढली.