पोच

तहसीलच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
टेबलावर प्रिंटर, कोऱ्या कागदांवर वीट.
शेवंता कन्नाके आली तेव्हा लाईट नव्हती.
बसली नाही. म्हणाली,
"बसलं का उठवत नाई, भाऊ."

पिशवीतून काढलं सिकलसेलचं लाल कार्ड,
कडा पाण्यानं फुगलेल्या,
आणि आश्रमशाळेची चिठ्ठी:
मदतनीस या कामास प्रकृतीच्या कारणास्तव अपात्र.
उद्यापासून येऊ नये.

अकरा वर्षं दोनशे पोरांच्या पोळ्या.
दुखणं तेव्हाही हाडातच होतं,
कार्ड नव्हतं एवढंच.
शिबिर लागलं, सुई टोचली, रंग ठरला,
आणि त्याच हातांची पोळी
मुख्याध्यापकांना एकाएकी आजारी दिसू लागली.
"माह्या हातानं पोरं खंगतीन मनते.
रगत का मी कनकीत मळतो?"

लाईट आली. मी कायदा उघडला,
दोन हजार सोळाचा, दिव्यांगांच्या हक्कांचा.
तिचा आजार त्यात नावानिशी छापलेला.
स्क्रीनवर बोट ठेवून दाखवला.
तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ
ती त्या शब्दाकडे पाहत राहिली,
पास झालेल्यांच्या यादीत
पोराचं नाव सापडल्यासारखी.

कलम वीस. भेदभाव नको. वाजवी सोय द्यावी.
"वाजवी म्हन्जे किती?"
मी अडखळलो.
तिनंच बोटं मोजली:
एक स्टूल, चुलीपासून हातभर लांब.
प्यायच्या पाण्याचा गुंड जवळ.
थंडीत पहाटेची भांडी दुसऱ्या कोणाकडे.
आणि ज्या दिवशी हाडं फुटायला लागतील
त्या दिवशीचा पगार कापा, नाव कापू नका.

पगारही कापू नये, असं मी टाईप केलं.

शेवटी सवयीनं बोटं वळली:
आपली कृपा व्हावी, ही नम्र विनंती.
मोठ्यानं वाचून दाखवलं.
"कृपा काढ," ती म्हणाली.
"अकरा वर्सं पोया म्या लाटल्या,
कृपा कोनाची?"
काढली.
नम्र राहू दिलं. तेवढं तिला चाललं.

प्रिंटचे दहा रुपये. अंगठ्याला शाई.
चंद्रपूरच्या साहेबांचं उत्तर कधी येईल
मला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलंही नाही.
आवकच्या खिडकीवरून परतली
शिक्का मारलेली पोच घेऊन,
ओली शाई फिसकटू नये म्हणून
दोन्ही तळव्यांवर आडवी धरून,
तव्यावरून आत्ताच उतरवलेली असावी तशी.