मधली सीट

चोपन्न सालचा पिकप. रंग एकेकाळी हिरवा;
आता मोराच्या खोऱ्यात कुंपणाच्या फळ्यांना असतो तो.
स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर, तीनच,
त्यामुळे खाली सगळं मोकळं :
तिघं बसायचे, चौथं मांडीवर,
पायाशी पिन्योनच्या बियांचं पोतं.

एलुतेरिओ माएस्तास ऑक्टोबरात माझ्या शेडवर आला,
भंगारातून उचललेला पाच गियरचा बॉक्स
ब्लँकेटमध्ये गुंडाळून, बाळंतघरातून आणावा तसा.
"हा त्यात बसव."
मी म्हटलं, या वयात ऑटोमॅटिक घाल.
"ऑटोमॅटिक म्हणजे बसमधून जाणं," तो म्हणाला,
"फक्त ड्रायव्हर दिसत नाही."

मग सोयरीक सुरू झाली.
जुन्या क्लचच्या चकतीला दहा दाते,
नव्या शाफ्टला चौदा. पत्रिका पहिल्याच दिवशी फिसकटली.
चकती बदलली.
बेलहाउसिंगचं भोक आणि बॉक्सचा गळा
केसाएवढाही इकडेतिकडे नको,
नाहीतर गाडी जन्मभर आतून कण्हते.
मी लेथवर गळा उतरवत गेलो,
अर्धं सूत, पाव सूत,
मग सुताचा नुसता वास.

घोडं अडलं ते मागे.
जुना शाफ्ट नळीत कोंडलेला, नळी ॲक्सलला बांधलेली,
एक सोडवला की दुसरा बेकार.
म्हणजे ॲक्सल दुसरा. म्हणजे ब्रेक दुसरे.
म्हणजे नाताळ गेला.

बॉक्सला टेकायला चासीत आडपट्टीच नव्हती.
सत्तर वर्षं सगळा भार बेलहाउसिंगच्या दोन कानांवर.
पट्टीसाठी माती खरवडली तेव्हा डाव्या बाजूला
जुनं वेल्डिंग निघालं, कोंबडी शिटावी तसं.
"माझं," एलुतेरिओ म्हणाला. "एकोणीस वर्षांचा होतो.
उतारावर एल्क आडवा आला."
ग्राइंड करू?
"राहू दे. धरून आहे ना अजून."

शेवटी तळाच्या पत्र्याला भोक.
मी खडूनं गोल काढला.
ओर्लिंदा दारात उभी, कोपरापर्यंत पीठ.
"तिथे माझे पाय असतात."
बेचाळीस वर्षं तिचेच होते;
रबरी चटई बरोबर दोन जागी गुळगुळीत.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
जिगसॉ बोलला.

फेब्रुवारीत गाडी खाली उतरवली.
त्यानं क्लच दाबला. पहिला पडला. दुसरा पडला.
तिसऱ्याला लिव्हर पुढे ढकलताना
त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला
आणि तेव्हा मला कळलं, हे सगळं कशासाठी होतं.
खांदा. गेल्या उन्हाळ्यापासून.
वर दांड्यावर हात जात नाही,
खाली जाईल असं वाटलं होतं.
पाच महिन्यांत त्यानं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं,
मीही सगळी जड नटं त्याच्याकडून
डाव्या हातानं उघडून घेतली होती, न विचारता.

ओर्लिंदानं एप्रन खुंटीला लावला.
मधल्या सीटवर चढली, लिव्हरच्या दोन्ही बाजूंना पाय,
घोड्यावर बसल्यासारखी.
"दाब," ती म्हणाली.
दातांवर दात कुरकुरले.
"दाबला नाहीस." "तू घाई केलीस." "मग सांगायचं आधी."
पुलापर्यंत दोघांचा आवाज येत होता,
पुलापलीकडे नुसता इंजिनाचा.

स्पीडोमीटर खोटं बोलतो.
गाडी चाळीसवर, काटा साठवर.
ती म्हणते, हळू चालव. तो म्हणतो, हळूच आहे.
त्याचं पिनियन मी मागवलंय; अजून आलं नाही,
आणि खरं सांगायचं तर फोनही केलेला नाही.

पाचवा गियर मात्र कोराच आहे.
लिव्हर उजवीकडे न्यायची, मग पुढे,
आणि नेमका तिथे तिचा गुडघा येतो.
मी म्हटलं, गरम करून लिव्हर वाकवून देतो, किंवा
बाई, जरा सरकून बसा.
ती म्हणाली, गुडघा आधीचा आहे.