शिवलेले खिसे

ओंदिना क्रावोस आली ती नोव्हेंबरात.
बाहेर बोरा पिसाळला होता, इथला वारा,
कोपऱ्यावरच्या कचरापेटीत मोडक्या छत्र्यांचा खच.
दोन पिशव्या माझ्या टेबलावर उपड्या करून म्हणाली,
"सिदोनिया, यातलं माझं कुठलं ते सांग."

मी शिंपीण. एकतीस वर्षं त्रिएस्तेच्या या उतारावर
लोकांच्या कमरा सोडते, बाह्या आवळते.
असं विचारायला कोणी येत नाही.
येतात ते वायदे करायला:
"एवढंच राहू दे, ईस्टरपर्यंत मी बारीक होणार आहे."
मी मान हलवते.
तोंडात टाचण्या असल्या की
खोटं बोलावं लागत नाही.

ओंदिना बंदरावर कॉफीची पोती मोजते.
कच्च्या कॉफीचा वास, थोडा गवताचा, थोडा तागाचा,
तिच्या आधी दुकानात शिरतो.
वर्षभर तिनं गोदामाच्या वहीत
पोत्यांच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवलं होतं
रोज अंगावर काय होतं ते.
राखाडी स्वेटर, कोपरांना रफू: एकशे बारा दिवस.
निळी पँट: आकडा सांगायला लाजली.
सगळं मिळून अकरा कपडे.
बाकीचे कपाटात दाटीवाटीनं उभे,
गाडी न आलेल्या वऱ्हाडासारखे.

मी कपड्यांना विचारत नाही, खिशांना विचारते.
नव्या कोटाचे खिसे धावदोऱ्यानं बंद असतात,
आकार बिघडू नये म्हणून.
घालणारं माणूस पहिल्याच थंडीत तो दोरा ओढून काढतं.
हात गारठतात ना.

तर एकेक खिसा.
तपकिरी जाकिटात बसचं तिकीट,
खोकल्याची गोळी कागदासकट,
कुणाचा तरी नंबर, धुऊन धुऊन पुसलेला.
हे तुझं.
काळ्या सॅटिनच्या झग्याला खिसाच नाही.
"हा कशाला?"
"ऑपेराला."
"गेलीस?"
"तिकीट महाग होतं. झगा स्वस्त."
एवढ्या हसलो की वरच्या मजल्यावरून
झ्लाता बाईंनी काठी आपटली.

झगा भाचीला. दोन ब्लाउज चर्चच्या पेटीत.
एक स्कर्ट मी ठेवून घेतला, अस्तराला होईल म्हणून.
(माझं कपाट? ते विचारू नका.)

तळाशी तो कोट.
पिकल्या लिंबाचा रंग, लोकर अशी की बोट रुतावं.
बारा वर्षांपूर्वी ग्राझला मुलाखत होती,
त्यासाठी दीड महिन्याचा पगार मोजला,
आणि स्टेशनवरून परत आली.
का, ते तिनं सांगितलं नाही. मीही खोदलं नाही.
दोन्ही खिसे शिवलेले.

"हा देऊन टाक कुणाला तरी," म्हणाली,
पण बोट बटणावरून हलेना.
कोट तिला अगदी बेतल्यासारखा बसत होता.
तिथंच घोडं अडलं. आखूड झाला असता
तर किती सोपं होतं.
"ठेवणीतला आहे गं."
ठेवणीतला.
कुठल्या दिवसासाठी ठेवलेला? कुठल्या ओंदिनासाठी?
काहीतरी शहाणपणाचं बोलले असते,
पण टाचण्या.

उसवायचा काटा घेतला.
चार टाके इकडे, चार तिकडे.
तिनं हात आत घातले, मनगटापर्यंत,
आणि उभी राहिली
बसची वाट पाहणारी माणसं राहतात तशी.
"उद्या मंगळवार," म्हणाली. "ब्राझीलची पोती उतरतात. धूळ असते."
"असू दे."

मार्चमध्ये पुन्हा दारात. थोडी रागावलेली.
उजव्या बाहीला डांबर, काखेत शिवण सुटलेली,
कॉलरवर कसलासा डाग, वाइन असावी,
वहीत सदतीस दिवस.
"आणि खिसा फाटलाय तुझा! ठेवलेलं सगळं अस्तरात पडतं."
जणू खिसा माझाच.
मी कोट उलटा धरून झटकला.
टेबलावर टपटप पडल्या हिरव्या बिया, न भाजलेल्या,
एक नाणं,
आणि कसल्याशा दुकानाची पावती, दोन जणांच्या जेवणाची.
पावती तिनं झटकन उचलली.

खिसा मी दुहेरी दोऱ्यानं शिवला.
तळाशी.