आज माशाही घरीच आहेत

चौथा दिवस.
कोबालाचा डोंगर ढग डोक्यावरून ओढून झोपलाय,
आणि दांड्यावरची वाऱ्याची पिशवी
धुतलेल्या पायमोज्यासारखी
नुसती ठिबकतेय.

सकाळपासून आम्ही सात जण शेडमध्ये.
एकच अंदाज पुन्हा पुन्हा उघडतो,
जणू आपण बघितल्यानं तो वरमेल.
यर्नेयनं पॅराग्लायडरच्या दोऱ्या तिसऱ्यांदा तपासल्या;
आता तपासून तपासूनच एखादीला गाठ पडायची.
झ्लात्कोची पाचवी कॉफी.
मी हेल्मेटचा पट्टा लावते, काढते, लावते.

"पाय आहेत ना अजून," रादोवान म्हणाला,
"की तेही हवामान खात्याला विचारून उचलायचे?"
साठी उलटलेली, एक गुडघा पोलादी,
हातात वेताची टोपली.
निघालो मग. लाजेपोटीच.

ज्या जंगलावरून मी शेकडो वेळा गेले
त्यात एकदाही शिरले नव्हते.
वरून ते म्हणजे शेवाळाचा एक तुकडा,
इथे हवा उचलते, तिथे पाडते,
एवढीच त्याची आमची ओळख.
आत आल्यावर कळलं,
बीचच्या पानांवरून पाऊस दोनदा पडतो:
एकदा ढगातून,
आणि मग बराच वेळ, आठवून आठवून.

अळंबी शोधायची तर हळू चालायला लागतं.
आम्हांला हळू चालणं जमेना.
झ्लात्कोला पहिली सापडली, लालभडक, ठिपकेदार.
"देखणी आहे," रादोवान म्हणाला, "राहू दे तिथेच."
मला तपकिरी टोपीची एक मिळाली,
देठावर गोगलगाईनं आधीच नाश्ता केलेला.
चाकूनं अलगद कापली.
तळहातावर तिचं वजन
एखाद्या झोपलेल्या पिल्लाइतकं.

चढ संपला तिथे ते लाल छप्पर.
अरे, हे तर आपलं बटण!
आम्ही त्याला बटणच म्हणतो:
बटण दिसलं की डावीकडे वळायचं, मग नदी, मग उतरायचं कुरण.
बटणाखाली माणूस राहतो
हे कुणी बोललंच नव्हतं.

लुडविक त्याचं नाव.
दारात उभा राहून त्यानं आमची ओली रांग मोजली.
"माझ्या कोंबड्यांना घाबरवणारे ते तुम्हीच?"
आम्ही गप्प.
तो आत गेला, आणि बाहेर आला
तो एक पोचे पडलेला थर्मास घेऊन.
"जूनमध्ये आकाशातून पडला. गाजरांच्या वाफ्यात."
झ्लात्कोचे कान लाल.
आम्हांला त्यानं सांगितलं होतं, नदीत वाहून गेला म्हणून.
"झाकण मात्र छान बसतं," लुडविक म्हणाला,
"मी त्यात मध ठेवतो."

घरामागे पोळ्यांच्या पेट्यांची लाकडी भिंत,
प्रत्येक फळीवर जुनं चित्र:
एकीवर अस्वल आणि हरणं
मेलेल्या शिकाऱ्याची तिरडी खांद्यावर घेऊन चाललीत,
सगळ्यांचे चेहरे फार खूश.
एकही माशी बाहेर नव्हती.

"पावसात त्याही नाही उडत."
"मग काय करतात?" यर्नेयनं विचारलं,
अगदी शाळेतल्यासारखं.
"काय करणार. घर झाडतात. जरासं खातात.
एकमेकींना चिकटून बसतात.
कुरकुर करतात का, ते तुम्हीच ऐका."

मी फळीला कान लावला.
आधी माझंच रक्त ऐकू आलं,
मग त्याच्याही मागे
तो आवाज,
दोऱ्यांमधून वारा जातो तेव्हाचा,
जमीन नुकतीच सुटलेली असते तेव्हाचा.
कान काढावासा वाटेना.
मागे सहा जण रांगेत ताटकळत होते.

संध्याकाळी शेडमध्ये अळंबी, लोणी, अंडी.
पश्चिमेला ढगात एक फट पडली
आणि पहिल्यांदाच कुणी उठून पळालं नाही.
ठरलं एवढंच:
यापुढे बटणावरून जरा उंचावरून वळायचं,
आणि वळताना हात हलवायचा.

पाचव्या दिवशीही पाऊसच.
झ्लात्को थर्मास तिकडेच विसरून आला होता.
तो आणायला
सातही जणांना जावं लागलं.