हजेरी

बेतीच्या उतारावरची ती चार मजली इमारत
मी संध्याकाळी सातला तपासायला घेतली.
बॅगेत लक्समीटर, टेप, ऊर्जा संहितेची प्रत
आणि दुपारपासून तसाच राहिलेला पाव.

जिन्यात एलईडी. ठीक.
कचेरीत दर चौरस मीटरला साडेआठ वॅट, मर्यादेच्या आत.
खिडकीलगतच्या दिव्यांना वेगळं बटण हवं. आहे.
फक्त त्यावर कुणीतरी गणपतीचा स्टिकर चिकटवलाय,
म्हणून ते कुणी दाबत नाही.
मी तसंच लिहिलं.

तळमजल्यावर इनास बसलेला.
एकोणीस वर्षं तारवटी, आता इथला रखवालदार.
बोलता बोलता दिवा गेला.
वाक्य न तोडता त्यानं हात वर केला,
मागच्या बाकावरचा मुलगा करतो तसा,
आणि छताला म्हणाला, "हांव आसां रे."
दिवा आला.

सेन्सर. हालचाल दिसली नाही
की माणूस नाही असं धरायचं.
संहिता पंधरा मिनिटं थांबू देते.
ठेकेदारानं दोनच लावलीत,
बचतीचा आकडा देखणा दिसावा म्हणून.

रात्रीतून किती वेळा करता हात वर?
"कोण मोजतो! आता झोपेतही जातो.
बायको विचारते, कुणाला थांबवतोस?"

मी स्टूल ओढलं, पेचकस काढला.
पंधरा करून देते, म्हटलं.

"नाका बाय.
बोटीच्या इंजिनघरात दिवा कधी विझलाच नाही.
उजेडात जेवलो, उजेडात झोपलो,
पाय गेल्याची तार
उजेडातच वाचावी लागली."

मग आम्ही दोघंही हललो नाही.
दिवा गेला.

काचेपलीकडे मांडवी.
कॅसिनोच्या बोटी लाल, जांभळ्या, पुन्हा लाल,
पाण्याला दर चौरस मीटर किती वॅट
हे विचारायला माझ्याकडे रकाना नाही.
माझी संहिता जोत्यापाशी संपते.
त्या लखलखाटाखालून
एक पिवळा बल्ब घेऊन फेरीबोट
पणजीकडे सरकत होती.
इनासची नजर तिच्यावर होती.

शेरा मी अंधारातच लिहिला:
प्रकाशव्यवस्था समाधानकारक.
ओळ जराशी वर चढली आहे.

पेन खिशाला लावायला हात उचलला,
तेवढ्यानं दिवा आला.
दोघांनीही डोळे मिटून घेतले.