काखेचा आकडा

तार्तू. जानेवारी. बाहेर उणे एकोणीस.
तेवढ्या एका आकड्यावर आज कुणाचा वाद नाही.

आत, सहाव्या खाटेवर येवलाम्पी,
पेइप्सी तळ्याकाठचा, कांद्याच्या वाफ्यांचा धनी.
बर्फाला भोक पाडून मासे धरता धरता
तोच त्या भोकात गेला.
आणला तेव्हा लाकडासारखा गार होता.
आज चौथी रात्र. आता तापतोय का,
एवढंच विचारायचंय,
तर चार यंत्रांची चार तोंडं.

काख म्हणते छत्तीस-पाच.
काखेत कळसा म्हणतात, पण या काखेत
नुसती हाडं, आणि सारखी निसटणारी कांडी.
कान कानोसा घेतो: सदतीस-एक.
डाव्याला विचारलं, सदतीस-चार.
मूत्राशयातली तार कचेरीतल्या कारकुनासारखी,
मघाचं खरं आत्ता सांगते: अडतीस-दोन.
आणि हृदय ओलांडून, फुप्फुसाच्या धमनीत
थेट रक्तातच बसलेली नळी. तिचं मोजणं प्रमाण.
अडतीस-सहा.
प्रमाण म्हणजे काय, तर जिथे पोचायला
माणसाला सगळ्यात जास्त टोचावं लागतं.

दर तासाला मी चारही रकाने भरते.
डॉक्टर लेम्बितना फरक हवेत, माणूस नको.
नाही, हे अन्यायाचं झालं. खोडते.
कमीत कमी टोचून किती खरं हाती लागतं
हेच तर शोधतायत ते.

पहाटेच्या पहिल्या बसनं फेव्रोनिया आली.
रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट.
मी तिच्या हातांवर जंतुनाशक ओतलं,
तिनं दोन बोटांनी क्रूस काढला
आणि तळवा त्याच्या कपाळावर टेकला.
"भाजतोय," म्हणाली.

मला वाटलं, घ्या, आलं पाचवं यंत्र,
आणि हेच खरं ठरणार, गोष्टींत ठरतं तसं.
पण हात बाहेरून आलेला.
त्या हाताला मीही भाजले असते,
खाटेचा गजसुद्धा.

तिलाच ते कळलं बहुतेक.
दोन्ही हात तिनं स्वतःच्या काखांत खुपसले,
बर्फावर बसणारी माणसं खुपसतात तसे,
मोजायला नाही,
आणि खिडकीकडे बघत उभी राहिली.

बऱ्याच वेळानं पुन्हा टेकवला.
या खेपेला काही बोलली नाही.

सहा वाजले.
काख: छत्तीस-सहा.