मऊ ग

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर
जानेवारीत कुणाला नावानं हाक मारावी लागत नाही,
शिंकेवरून माणूस कळतं.
माझ्या आईची शिंक तिहेरी,
दगूबाईची दाबलेली, कुकरची शिट्टी अर्ध्यात उचलावी तशी.
आणि त्या वर्षी एक नवी शिंक आली
परदेशी लाकडी खोक्यांच्या मागोमाग.

हालील उस्ता.
मराश नावाच्या गावाचा, तिथंही म्हणे मिरच्याच.
शेठनं मला बिलांवरून उठवलं,
तू बी.कॉम. आहेस, मोबाईल धर
आणि तो काय बोलतो ते सांग.
मोबाईलनं पहिल्या दुपारी सांगितलं :
आपल्या हातांस आरोग्य.
आई दचकली. मना हातले काय व्हयनं?

काही झालं नव्हतं.
तिनं डब्यातली अर्धी कळण्याची भाकर
त्याच्या पुढं सरकवली होती, एवढंच.

मी वहीत लिहू लागले.
तेशेक्कुर एदेरिम : बँकेत, दुकानात, साहेबाला.
सा ओल : ओळखीच्याला. धडधाकट राहा.
एल्लेरिनिझे साअलक : ज्यांचे हात राबले त्यांना.
आणि त्यातही तुझ्या नाही, तुमच्या.
आईला आजवर तुमच्या कुणी म्हटलं होतं?
मतदार यादीवाल्यानं, एकदा.

साअ म्हणताना तो कशावरून तरी
पाय न लावता पलीकडे जायचा.
मग खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवलं :
इथं एक ग आहे, डोक्यावर वाटी घेतलेला.
मऊ ग.
लिहायचा, उच्चारायचा नाही,
शेजारचा स्वर तेवढा लांबवायचा.

आईला सांगितलं तर म्हणाली,
हाऊ ते आपलाच शे.

खरंच. मावशीनं दवाखान्यात तीन रात्री काढल्या
तेव्हा आई इतकंच म्हणाली होती,
बठ ना वो, जाशी सवकाश.
आभाराचा शब्द कुठं नव्हता.
मावशीचं बसणं मात्र
दिवेलागणीपर्यंत लांबलं होतं.

कुणी शिंकलं की उस्ता म्हणे, चोक याशा.
खूप जग.
शिंकणाऱ्यानं उलट म्हणायचं, सिझ दे ग्योरुन,
माझं जगणं बघायला तुम्हीही असा.
पथारीवर हे कसं परवडणार?
तिसऱ्या दिवसापासून तो सकाळी फाटकातच
सगळ्यांना मिळून एकदा म्हणू लागला,
दिवसभराचं.

बाराव्या दिवशी खोक्यांतलं यंत्र उभं राहिलं.
पट्ट्यावरून मिरची गेली,
देठ एकीकडे, मिरची एकीकडे.
वर झाकण होतं, कुणाला शिंकही आली नाही.
किलोमागं देठ खुडणाऱ्या चाळीस बाया
भिंतीला लागून उभ्या.
उस्तानं हात पुसले आणि सवयीनं
आमच्याकडं बघून रोजचं म्हणाला,
कोलाय गेल्सिन.
काम सोपं जावो.

ते मी सांगितलं नाही.
मोबाईल पालथा घातला.

आई पुढं गेली.
वीस वर्षांच्या तिखटानं लाल पडलेली बोटं
पदराला न पुसता म्हणाली,
एल्लेरिनिझे साअलक.
तो अ तिनं केवढा लांबवला.
शेठ हसला, बाईनं आभार मानले म्हणून.
उस्ता नाही हसला.
छातीवर हात ठेवून मान खाली घातली
आणि पट्टा बंद होईपर्यंत वर केली नाही.

रात्री घरी, चुलीपाशी,
आई तीनदा शिंकली.
माझ्या तोंडून निघून गेलं, खूप जग.
ती भाकर उलटत होती.
उलटली, काठानं दाबली, म्हणाली,
तू बी देख.